मोबाइलच्या फाइलींची घरची डीव्हीडी: ऐकीव काय, खरं काय

मुंज असो वा डोहाळजेवण, शूटिंग आता एका कॅमेऱ्यात नसतं. चार नातेवाइकांच्या मोबाइलवर ते तुकड्यातुकड्यांनी पडलेलं असतं. घरातल्या मोठ्यांना मात्र ते टीव्हीवर, डीव्हीडी लावून निवांत बघायचं असतं, आणि ही मागणी अगदी रास्त आहे. काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. बहुतेकदा ते फसतं ऐकीव सल्ल्यांमुळे.

पहिलं नुकसान फाइली गोळा करतानाच होतं. ‘सगळ्यांनी ग्रुपवर टाका’ असा निरोप जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकसून येते आणि त्यात गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोचते.

‘एमपी४ चं नाव बदलून एमपीजी केलं की डीव्हीडीवर चालतं.’ नाही चालत. एमपी४ हा नुसता डबा आहे. नाव बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं, आतला पदार्थ तोच राहतो. मोबाइल चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने साठवतो. डीव्हीडी प्लेअरला हवं असतं एमपीईजी-२ चित्र, ४८ किलोहर्ट्झचा आवाज आणि ठरावीक रचनेचं फोल्डर. एमपी४ तशीच डिस्कवर टाकली तर ती डेटा डिस्क होते. संगणकावर ती उघडते, जुन्या प्लेअरवर नाही. डीव्हीडीस्टायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर रूपांतर आणि मेन्यू दोन्ही करून देतं.

सगळ्यात जास्त हळहळ होते ती न उघडणाऱ्या फाइलची. मंगलाष्टकं चालू असताना मोबाइलची बॅटरी संपली. फाइल दिसते दीड जीबीची, पण एकही प्लेअर ती घेत नाही. अशी फाइल ‘गेली’ म्हणून डिलीट करतात. कृपा करून करू नका! रेकॉर्डिंग चालू असताना मोबाइल चित्र आणि आवाज सलग लिहीत जातो. कोणती फ्रेम कुठे आहे, कोणत्या पद्धतीने साठवली आहे, ही नोंद तो साधारणपणे स्टॉप दाबल्यावर शेवटी लिहितो. बॅटरी गेली की ही नोंदच लिहायची राहते, चित्र मात्र बहुतांश शाबूत असतं. ‘अनट्रंक’ हे मोफत साधन त्याच मोबाइलवर, त्याच सेटिंगमध्ये काढलेल्या दुसऱ्या चांगल्या फाइलच्या आधाराने ती नोंद नव्याने बांधतं. त्याच मोबाइलवर, त्याच सेटिंगमध्ये, ही अट महत्त्वाची. नमुना दुसऱ्याच फोनचा असला तर सहसा जमत नाही. आणि काम नेहमी फाइलच्या कॉपीवर करायचं.

‘नाव एव्हीआय करून व्हीएलसीत उघडा, तो दुरुस्त करतो’ हा सल्लाही फिरत असतो. व्हीएलसीची ती सोय खऱ्या एव्हीआय फाइलींच्या सूचीपुरती आहे. फाइल शून्य केबीची असेल किंवा कॉपी होताना अर्धीच आली असेल, तर जे आलंच नाही ते पैसे घेणारं सॉफ्टवेअरही देऊ शकत नाही. त्यापेक्षा मूळ मोबाइलमध्ये पुन्हा शोधा.

आता जोडणी. ‘जोडलं की दर्जा उतरतोच’ हे सरसकट खरं नाही. एकाच फोनवर एकाच सेटिंगमध्ये काढलेले तुकडे एफएफएमपेग किंवा लॉसलेसकटमध्ये पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात; चित्राला धक्काही लागत नाही. एक फाइल फोर-केची, दुसरी उभी, तिसरी सेकंदाला ६० फ्रेमची असेल तर मात्र त्या आधी जोडायच्या भानगडीत पडू नका. डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सुट्याच, क्रमाने लावा. तिथे एमपीईजी-२ मध्ये रूपांतर व्हायचंच आहे, ते एकदाच होऊ द्या.

आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडायला लागला तर दोष जोडणीला दिला जातो. बरेचदा कारण वेगळंच असतं: कमी उजेडात मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, डीव्हीडीला मात्र तो स्थिर लागतो. अशा वेळी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, दर्जा चढा ठेवून, एक जास्तीचं रूपांतर पत्करावं.

‘फोर-के शूट केलंय, डीव्हीडी झकास दिसेल.’ आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं. फुल एचडीच्या बरोबर एक पंचमांश, फोर-केच्या विसावा हिस्सा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जागेचंही तसंच. ४.७ जीबीच्या डिस्कवर किती जीबीच्या फाइली बसतील, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं किती मिनिटं. तासाभराचं शूटिंग उत्तम दर्जाने बसतं, दोन तासांचं ठीक. तीन तास कोंबले की वरातीच्या नाचात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. सरळ दोन डिस्क करा.

अमेरिकेतल्या मावशीकडे डिस्क चालली नाही की ‘रीजन कोड’वर खापर फुटतं. घरी केलेल्या डिस्कवर रीजनचं बंधन सहसा नसतंच. अडतं ते पाल आणि तिकडची एनटीएससी या दोन पद्धतींच्या फरकापाशी. तिकडचे बरेच प्लेअर पाल घेत नाहीत, आपल्याकडचे बहुतेक दोन्ही घेतात. माझं मत विचाराल तर इथल्यासाठीही एनटीएससीच करा. मोबाइल सहसा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, एनटीएससीचा वेग २९.९७. पालच्या २५ मध्ये बसवताना पाच फ्रेम गाळाव्या लागतात आणि ओवाळणारा हात झटके खात फिरतो. एनटीएससीत आडव्या ओळी ५७६ ऐवजी ४८० होतात, पण हालचाल सलग राहते.

डिस्क ‘फायनलाइज’ केल्याशिवाय प्लेअरवर लावू नका. आणि ‘डीव्हीडी केली, आता मोबाइल रिकामा करा’ हे तर मुळीच नको. या डिस्कवर माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात लिहिली जाते, आणि ऊन-उष्णतेने तो थर खराब होतो. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. डिस्कवर नाव घालायचं तर सीडी मार्करने. कागदी लेबल एका कडेने सुटलं तरी फिरताना डिस्क थरथरते आणि प्लेअर अडखळतो.