बेलर शेतातच का अडतो?

शिर्डीच्या आसपास, राहाता तालुक्यात, ऊस जुना आहे. लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरते. ते पेटवू नये म्हणून आता पाचट दाबून गाठी बांधणारा ट्रॅक्टरमागचा बेलर भाड्याने बोलावतात. गव्हाच्या काडाच्याही गाठी होतात. पण ऐन कामात यंत्र बंद पडते आणि शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

चौकोनी गाठींच्या बेलरमध्ये सर्वांत नाजूक भाग म्हणजे नॉटर, सुतळीची गाठ मारणारा. पाचट दाबून झाले की सुया सुतळी वर आणतात आणि नॉटर क्षणात गाठ बांधून ती कापतो. सुतळीचा ताण बिघडला, नॉटरच्या चोचीत कचरा अडकला किंवा पाते बोथट झाले, की गाठ बसत नाही आणि पाचट मोकळेच बाहेर पडते. दव पडलेले ओले पाचट गुंडाळून बसते. मातीबरोबर उचललेला दगड दाते वाकवतो.

मोठा अडथळा आला की मुद्दाम कमजोर ठेवलेला शिअर बोल्ट तुटतो, म्हणजे गिअर आणि सुया वाचतात. घाईत त्याजागी साधा कडक बोल्ट बसवणे फार महागात पडते.

खरी अडचण वेळेची आहे. खोडव्याला पाणी द्यायचे असते, कालव्याचे आवर्तन थांबत नाही, सुटा भाग जवळ मिळत नाही. मग नाइलाजाने काडी ओढली जाते. म्हणून भाडे ठरवतानाच चालकाकडे जादा शिअर बोल्ट आणि चांगली सुतळी आहे का, हे विचारावे. पाचट उन्हात वाळू द्यावे.