माइकची बहिरी बाजू

नागपूरच्या रामदासपेठेत गिटार घेऊन गाणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो : माइक कोणता घेऊ? उत्तरादाखल लगेच कंपन्यांची नावं येतात, किमती येतात, तुलनेचे व्हिडिओ येतात. खोली कशी आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. खाली सेंट्रल बझार रोडची वाहतूक. दर थोड्या अंतरावर इस्पितळ, त्यामुळे ॲम्ब्युलन्स कधी ओरडत जाईल याचा नेम नाही. एप्रिल-मेमध्ये खिडकीत कूलर. पायाखाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, टाळी वाजवली की खोली उलट उत्तर देते. अशा ठिकाणी माइकला काय ऐकू येतं याहून काय ऐकू येत नाही, ते आधी बघावं. माझ्या मते माइकची निवड म्हणजे त्याच्या बहिरेपणाची निवड.

सुरुवातीला तर रेकॉर्डिंगचं सगळं यंत्रच ठार बहिरं होतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान गायल्या त्या पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून. वीज नाही, माइक नाही. आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर चर पाडायची. हळू गाणाऱ्याला तिथे जागा नव्हती. १९२५च्या सुमाराला अमेरिकेत विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत ते इकडे पोचलं. त्यानंतर गाणाऱ्याला ओरडण्याची गरज उरली नाही. मराठी भावगीत हे मला या माइकचंच अपत्य वाटतं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा नाही, एकाच माणसाशी बोलल्यासारखं गायचं, हे माइकशिवाय होणारं नव्हतं. आणि त्या भावगीताच्या आरंभीच विदर्भ उभा आहे : मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता, आणि ती गाऊन ध्वनिमुद्रिकेतून घरोघर नेणारे जी. एन. जोशी. हेच जोशी पुढे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डिंगची बाजू सांभाळू लागले. माइकसमोरचा माणूस काचेपलीकडे गेला. १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम त्यांच्याच निर्मितीखालचा. त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे, आणि ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली गिटारही. गिटार आपल्याकडे परकी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती एकदा ऐकावी.

आता बहिरेपणाकडे. गाण्यासाठी विकले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे असतात. समोरचं उत्तम ऐकतात, बाजूचं कमी, आणि बरोबर पाठीमागचं जवळजवळ नाहीच. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे हवी. घरोघरी नेमकं उलटं दिसतं : गाणारा खिडकीकडे पाठ करून बसतो, माइक त्याच्याकडे बघतो, म्हणजे थेट रस्त्याकडेच बघतो. यात एक पाठभेद आहे. शुअरच्या बीटा ५८ए सारखे सुपरकार्डिऑइड माइक पाठीमागचं थोडं ऐकतात. त्यांची बहिरी जागा मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, समोरून साधारण १२० अंशांवर असते. आणि जड, खर्जातल्या घरघरीपुढे हे सगळेच माइक हात टेकतात, कारण खालच्या स्वरांसाठी ही दिशेची शिस्त सैल पडते. ट्रकची घरघर माइक फिरवून जात नाही. त्यासाठी लो-कट, म्हणजे खालचे स्वर छाटणारा फिल्टर, लावावा लागतो.

डायनॅमिक आणि कंडेन्सर यांतला फरकही शेवटी कानाच्या तिखटपणाचाच आहे. डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. वेटोळ्याच्या वजनाने पडदा जड होतो, अगदी बारीक, झिरझिरीत आवाजाला तो दाद देत नाही. त्याला बाहेरची वीज लागत नाही. मार खाल्ला तरी चालतो. शुअरचेच १९६५चा एसएम५७ आणि १९६६चा एसएम५८ हे या घराण्यातले थोरले. आतला जीव जवळजवळ एकच, फरक मुख्यतः जाळीचा. गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात गायक जाळीच मुठीत धरतो आणि स्पीकर शिट्टी मारतो, तेव्हा त्याने माइकचा मागून हवा घेण्याचा रस्ता बंद केलेला असतो. बहिरी बाजूही ऐकू लागते. (या ५८ची नक्कल बाजारात सर्रास मिळते. फारच स्वस्त दिसला की संशय घ्या.)

कंडेन्सरचा पडदा काही मायक्रॉनचा, सोन्याचा हलका थर दिलेला, धातूच्या तबकडीसमोर ताणलेला. त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीतून, ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. बोट तारेवरून उचललं तरी त्याला कळतं. गिटारला हवं ते हेच. पण शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा तो तितक्याच निष्ठेने टिपतो. रोडच्या एनटी१चा स्वतःचा गोंगाट अवघा ४.५ डेसिबल आहे, अशी जाहिरात असते; आकडा खोटा नाही. पण रात्री शांत वाटणाऱ्या झोपायच्या खोलीतही तीसेक डेसिबलचा आवाज असतो. त्या आकड्यासाठी रामदासपेठेत जास्तीचे पैसे मोजणं मला पटत नाही.

गायकाने डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांच्या अंतरावर घेऊन गावं. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो, म्हणून जवळ. जवळ गेलं की खर्ज फुगतो, तो लो-कटने आवरता येतो. प, फ, ब, भ यांचा वारा थेट पडद्यावर आदळतो, त्यासाठी माइक ओठांच्या रेषेतून जरा बाजूला ठेवावा. ‘चमचा’तला च आणि स कानाला टोचत असतील तर तोच उपाय थोडा त्यांनाही लागू पडतो.

गिटारपुढे माइक लावताना सगळ्यांचा हात पहिल्यांदा भोकाकडे जातो. आवाज तिथूनच येतो असं वाटतं ना! पण गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि भोकासमोरच्या माइकला ती घुमच जास्त मिळते. बाराव्या पट्टीसमोर, मान जिथे धडाला मिळते त्या बाजूला, वीतभर अंतरावर छोट्या पडद्याचा कंडेन्सर ठेवा. मग तो दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवत हेडफोन लावून ऐका. दोन बोटांनी जेवढा फरक पडतो तेवढा दहा हजार जास्त मोजूनही पडत नाही.

खरी परीक्षा गाणारा आणि वाजवणारा एकच असतो तेव्हा. तोंड आणि गिटार यांत हातभर अंतर, दोन्ही माइक दोघांनाही ऐकतात, आवाज पुढेमागे पोचून एकमेकांना खातात. इथे फिगर-एट माइक कामाला येतो : पुढून-मागून ऐकणारा, दोन्ही कडांना ठार बहिरा. गळ्याच्या माइकची कड गिटारकडे वळवली की गिटार त्याच्यातून बरीचशी गळून जाते. पण त्याची पाठही ऐकते, म्हणून मागे रजई टांगावी लागते. एकेजी सी४१४ सारखा माइक हे एका बटणावर करतो. किंमत मात्र घरगुती नाही.

नागपूरच्या हवेचा एक मुद्दा उरला. कूलर बंद करून रेकॉर्ड करा हे कुणीही सांगेल. पण त्याची ओली झुळूक कंडेन्सरवर दिवसभर येत असेल तर नंतर कूलर बंद करूनही उपयोग नाही. पडदा आणि तबकडी यांच्यात दमट हवेमुळे वीज गळते आणि माइक चरचरतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेच. काम संपलं की सिलिका जेलच्या पुडीसकट तो डब्यात जाऊ द्या.

आता विचाराल तर माझा कौल असा. आधी गाण्यासाठी ५८, मग गिटारसाठी छोटा कंडेन्सर, आणि दोन इनपुटचा इंटरफेस. गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई, तोंड खिडकीकडे, माइकची पाठ खिडकीला. मोठ्या पडद्याचा चकचकीत कंडेन्सर मनात भरला असेल तर आधी खिडक्या लावून, पंखा बंद करून, फोनवर पाच मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. त्यात रस्ता ऐकू आला, तर तो माइक घेऊ नका.