धमनीच्या बेचक्यातली गाठ

मानेत गाठ आली की घरातल्या थोरांना गंडमाळा आठवते, डॉक्टरांना क्षय. मग गाठीत सुई घालून पेशी काढतात, तपासायला पाठवतात. बहुतेक गाठींसाठी ते योग्यच आहे. पण जबड्याच्या कोनाखालची गाठ ठोके देत असेल, आडवी सरकत असेल आणि वर-खाली मात्र हलत नसेल, तर सुई बाजूला ठेवून आधी सोनोग्राफी करावी. ती ‘कॅरोटिड बॉडी ट्यूमर’ असू शकते. ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते, टोचली तर रक्तस्राव होऊ शकतो.

मेंदूकडे रक्त नेणारी धमनी मानेत जिथे दुभंगते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. ही गाठ त्याचीच. रक्तातला प्राणवायू घटला की तो मेंदूला कळवतो आणि श्वास वाढतो. या यंत्रणेवरच्या संशोधनासाठी कॉर्नेल हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. अँडीज पर्वतातल्या विरळ हवेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांत ही गाठ जास्त आढळते, कारण तिथे या अवयवाला जन्मभर उसंत नसते.

गाठ बहुधा कर्करोगाची नसते, वाढतेही सावकाश. खरी अडचण तिच्या जागेची. १८८०मध्ये सर्जन रीग्नर यांनी ती काढली, रुग्ण दगावला. १८८६मध्ये मायडल यांचा रुग्ण वाचला, पण अर्धांगवायू झाला, वाचा गेली. धमनी बांधली की मेंदूचं रक्त तुटतं. १८८९मध्ये अल्बर्ट यांनी धमनी न बांधता गाठ सोडवली. पुढे १९४०मध्ये गॉर्डन-टेलर यांनी गाठ आणि धमनीची भिंत यांमधली पांढरी रेषा दाखवून दिली. आजही सर्जन त्याच पातळ थरातून, जवळच्या नसा जपत, इंचाइंचाने गाठ सोडवतात. या नसांना इजा झाली तर आवाज बसतो, गिळायला त्रास होतो किंवा जीभ एका बाजूला वळते. धमनीला पूर्ण वेढणाऱ्या गाठीत कधी धमनीचा तुकडाही बदलावा लागतो. अशा वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन सोबत असायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. गाठ मोठी असेल तर एक-दोन दिवस आधी तिचा रक्तपुरवठा आतून बंद करतात. वयस्कर रुग्णाची लहान गाठ मात्र नुसती नजरेखाली ठेवणंही उपचारच आहे.

दोन्ही बाजूंना गाठी असतील तर एकाच वेळी हात घालत नाहीत. दोन्हीकडच्या नसा दुखावल्या तर रक्तदाबाचा तोल जातो. अशा रुग्णाच्या भावंडांचीही तपासणी करावी, कारण ही गाठ आनुवंशिक असू शकते. एसडीएचडी नावाच्या जनुकातला दोष वडिलांकडून आला तर गाठ होऊ शकते, आईकडून आला तर सहसा होत नाही.