एक संगणक, तीन ड्राइव्ह, दोन सिस्टिम

विंडोजला लॉगिनचा पासवर्ड असला तरी ड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकाला लावली की आतलं सगळं वाचता येतं. ते थांबवायचं तर ड्राइव्हच एन्क्रिप्ट करावी लागते. त्यात विंडोज ११ आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदवायचे असतील, तर दोघांना स्वतंत्र ड्राइव्ह द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी विंडोज टाकावं, आणि तेव्हा बाकीच्या ड्राइव्ह काढून ठेवाव्यात. दुसऱ्या ड्राइव्हवर ईएफआय पार्टिशन आधीच असेल, तर विंडोज आपला बूटलोडर तिथेच ठेवू शकतं. मग ती ड्राइव्ह बिघडली की विंडोजही सुरू होत नाही. फास्ट स्टार्टअप बंद करावा आणि विंडोजचा एन्क्रिप्शन करणारा बिटलॉकर चालू करावा. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून संगणकापासून दूर ठेवावी. तिची गरज खरोखर पडते. बिटलॉकरची किल्ली सहसा टीपीएम चिपच्या ताब्यात असते आणि बूट होण्याचा क्रम ओळखीचा दिसला तरच चिप ती सोडते. लिनक्सच्या ग्रब मेनूतून विंडोजकडे गेलं की हा क्रम बदलू शकतो आणि निळ्या पडद्यावर ते ४८ अंक मागितले जातात. म्हणून कोणती सिस्टिम सुरू करायची ते मदरबोर्डच्या बूट मेनूतूनच निवडावं.

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये दुसरी ड्राइव्ह निवडून एन्क्रिप्शनच्या चौकटीवर खूण केली की काम लक्स या लिनक्सच्या एन्क्रिप्शन पद्धतीकडे जातं. आपला पासफ्रेज थेट डेटा बंद करत नाही. डेटा बंद करते ती मास्टर की, आणि तिची पासफ्रेजने बंद केलेली प्रत ड्राइव्हच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते. त्यामुळे पासफ्रेज क्षणात बदलता येतो. पण हेडर खराब झाला तर बरोबर पासफ्रेज आठवूनही काही हाती लागत नाही. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या कमांडने हेडरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावाच. पासफ्रेज बदलला की जुना बॅकअप नष्ट करून नवा घ्यावा, कारण जुन्या हेडरवर जुना पासफ्रेज चालतच राहतो.

तिसरी ड्राइव्ह लिनक्समधल्या डेटासाठी. तीही लक्सनेच बंद करावी आणि तिची की-फाइल एन्क्रिप्टेड लिनक्समध्ये ठेवावी, म्हणजे बूट होताना ती आपोआप उघडते. कोणत्या ड्राइव्ह उघडायच्या ते सांगणाऱ्या क्रिप्टटॅब फाइलमध्ये ड्राइव्हचं नाव न लिहिता यूयूआयडी लिहावा; नावं अदलाबदल होऊ शकतात. लिनक्सची ड्राइव्ह गेली तर की-फाइलही जाते, म्हणून या ड्राइव्हला वेगळा पासफ्रेजही जोडावा आणि खरा डेटा टाकण्यापूर्वी लाइव्ह यूएसबीवरून तो चालवून पाहावा.