टेलिफोनची वाट कोण ठरवतो?

एकेकाळी अमरावतीहून अकोल्याला बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहावी लागे. कोणता कॉल कोणत्या लाइनवरून न्यायचा, हे एक्स्चेंजमधील ऑपरेटर ठरवी. ग्राहकाने स्वतःच बाहेरगावचा नंबर फिरवावा, ही एस. टी. डी. सेवा भारतात १९६० साली कानपूर-लखनौदरम्यान प्रथम सुरू झाली. पुढे ऑपरेटर गेला. परंतु त्याची निर्णयबुद्धी गेली असती तर चालले नसते. ती आता नियमांच्या रूपाने यंत्रात लिहून ठेवतात. कार्यालयातील फोन बाहेरच्या लाइनींशी जोडणाऱ्या या यंत्रास ‘गेटवे’ म्हणतात.

प्रत्येक नियम तीन गोष्टी सांगतो: नंबरची सुरुवात कशी आहे, त्यातील कोणते आकडे गाळायचे वा जोडायचे, आणि कॉल कोणत्या लाइनवर सोडायचा. समजा, एका संस्थेच्या अमरावती व अकोला येथील शाखा इंटरनेटने जोडलेल्या आहेत. अमरावतीत ४ ने सुरू होणारा तीन आकडी नंबर फिरवला, की अकोला शाखेतील टेबलावरचा फोन वाजावा. हा कॉल संस्थेच्या स्वतःच्या जोडणीवरून जाईल. ०७२४ ही सुरुवात म्हणजे अकोल्यातील इतर कोणाचा तरी फोन. तो बाहेरच्या लाइनवर जाईल. ०० म्हणजे परदेश. तेथे पुष्कळ कार्यालये कुलूपच लावतात.

आता ०० ने सुरू होणारा नंबर ० नेही सुरू होतोच! मग कोणता नियम लागू करावा? पोस्टमन नुसते ‘अमरावती’ वाचून थांबत नाही, ‘राजकमल चौक’ही पाहतो. तसेच येथे अधिक आकडे जुळणारा नियम श्रेष्ठ. काही यंत्रे मात्र वरून खाली वाचत जातात व पहिला जुळणारा नियम पाळतात. तेथे नेमका नियम वर आणि ढोबळ नियम खाली लिहावा लागतो.

खरी कसोटी संकटकाळी लागते. काटकसरीसाठी अकोला शाखेचे सर्वच कॉल अमरावतीच्या लाइनवरून बाहेर काढले, आणि अकोल्यात आग लागून कोणी १०१ फिरवला, तर घंटा अमरावतीच्या अग्निशामक दलाकडे वाजण्याचा धोका आहे. म्हणून तातडीच्या नंबरांचा नियम सर्वांत आधी लिहावा आणि ते कॉल त्या त्या गावच्या लाइनवरूनच जाऊ द्यावेत.

ऑपरेटरला “आग लागली” म्हटले की पुढचे सारे समजत असे. यंत्राला आपण आधी सांगितले तेवढेच समजते. म्हणूनच हे नियम लिहिण्यास तंत्राइतकीच माणसांच्या अडचणींची जाण हवी, असे मला वाटते.