कासवाचा ओटा

सुट्टीवरून परतताना मुले पेटीत काय काय घेऊन येतात, हे माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका मुलाच्या पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा निघाला. त्यात तळहाताच्या खोलग्यात मावेल एवढे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव होते. शहरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातून ते आणलेले होते.

कासव म्हणजे पाण्यातला जीव, एवढेच आम्हांस ठाऊक होते. म्हणून आम्ही त्याला पाणी भरलेल्या टबात, खोलीच्या कोपऱ्यात ठेवले. काही महिन्यांत त्याचे खाणे कमी झाले आणि कवचाची कड बोटाने दाबली तर दबू लागली. पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याला ऊन कुठे मिळते?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कासवाचे रक्त आपल्यासारखे आपोआप उबदार राहत नाही. अन्न पचविण्यासाठी लागणारी ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. सूर्यकिरणांतील अतिनील भागामुळे त्याच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. त्याच्याअभावी खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडते. शिवाय कवच रोज पूर्ण वाळले नाही, तर त्यावर बुरशी धरते. नदीतले कासव यासाठीच खडकावर किंवा ओंडक्यावर येऊन बसते. टबात तो खडक नव्हता. तो आपणच बांधून द्यायला हवा होता.

आम्ही एक जुना सिमेंटचा हौद घासून स्वच्छ केला. एका टोकाला पक्क्या भाजलेल्या विटांचे तीन आडवे थर मध्ये पोकळी न ठेवता रचले. उंची सुमारे 22 सेंटीमीटर झाली. त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा खरबरीत बाजू वर करून बसविला, कारण गुळगुळीत बाजूवर नखे ठरत नाहीत. दुसरा तुकडा उतरता टेकवून चढण केली. चढणीची लांबी ओट्याच्या उंचीच्या दुप्पट ठेवली, की चढ बेताचा होतो. चढणीखालची फट दगडांनी बुजविली. हे विसरू नये: कासव फुप्फुसाने श्वास घेते, पाण्याखालच्या फटीत अडकले तर ते बुडून मरते. पाणी 20 सेंटीमीटर भरले, म्हणजे ओटा कोरडा राहिला. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट असावी, हा ढोबळ हिशेब.

थर्मोकोलचा तराफा सोपा वाटतो. पण कासव त्याचे तुकडे तोडून गिळते. रंग दिलेले लाकूड आणि टोकदार खडीही टाळावी.

आपल्या इंदापूर तालुक्यातले उन्हाळ्याचे ऊन मात्र जीवघेणे. उथळ पाणी दुपारी तापते आणि पळून जायला कासवाला जागा नसते. म्हणून अर्ध्या हौदावर शेडनेट बांधले आणि ओट्यावर सकाळचे ऊन येईल अशी दिशा धरली. फरशीवर तळहात अर्धा मिनिट ठेववत नसेल, तर ती कासवालाही सोसणार नाही. कावळे व मांजरांसाठी वर जाळी हवी. शहरातील सदनिकेत राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पुरत नाही. काच हे किरण अडविते. तेथे अतिनील प्रकाशाचा खास दिवा लावावा लागतो. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे सर्वांनाच बंधनकारक. त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

आता मुख्य गोष्ट. ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. कंटाळलेल्या मालकांनी ती जगभरच्या पाण्यात सोडली आणि तेथील कासवांची जागा व अन्न तिने बळकावले. म्हणून ती नीरा डाव्या कालव्यात, उजनीच्या जलाशयात किंवा विहिरीत सोडणे ही दया नव्हे. त्या पाण्यावर आपल्या मऊ पाठीच्या कासवाचा हक्क आहे. त्यालाही घरी आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे व पाळणे गुन्हा आहे. जखमी सापडल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

हे कासव वीस-तीस वर्षे जगते. आमची मुले दहावीनंतर जातात. ज्याने ते आणले, तोही गेला. जाताना त्याने पुढच्या वर्गातल्या मुलाला हौद धुण्याचा वार आणि खाण्याचे प्रमाण वहीत लिहून दिले. ती वही आजही हातोहात पुढे जाते. दुकानातला तो डबा विकत घेण्यापूर्वी ही वही कोण सांभाळणार, हे पालकांनी मुलांना अवश्य विचारावे. ज्यांच्याकडे कासव आधीच आहे, त्यांनी उद्याच विटा रचाव्यात.

कवच कडक व्हायला बरेच महिने लागले. आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी ते ओट्यावर मागचे पाय ताणून पडलेले दिसते. मेळाव्याला आलेले माजी विद्यार्थी आधी हौदाकडे जातात, मग कार्यालयात येतात.