शहराचे ओळखपत्र आणि परगावची माणसे

पोटासाठी किंवा शिक्षणासाठी गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे, "तू कुठला?" या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन भागत नाही. खोली घेताना, बँकेत खाते काढताना, रेशनच्या दुकानात, प्रसंगी पोलीस चौकीत ते कागदावर दाखवावे लागते. ज्याच्याजवळ असा कागद नाही, तो या देशाचा नागरिक असूनही शहरात परका ठरतो. असा कागद शहराने द्यावा काय, दिल्यास त्याने काय साधते आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सदाशिव पेठेतील वाचकांना हा विषय दूरचा नाही. येथील अभ्यासिकांतून व कॉट बेसिसच्या खोल्यांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे कितीतरी विद्यार्थी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले असतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या भगिनींपैकीही अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आली. एकाला पत्त्याचा पुरावा मिळत नाही, दुसरीच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. अडचण मुळात एकच आहे.

वस्तुतः हक्काचा प्रश्न घटनेने सोडविलेला आहे. अनुच्छेद १९ प्रमाणे प्रत्येक नागरिकास देशात कोठेही जाण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा अधिकार आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकेरी नागरिकत्वाचे तत्त्व स्पष्ट केले होते. माणूस कोणत्याही राज्यात राहो, त्याचे नागरिकत्वाचे हक्क सारखेच, असा त्याचा आशय. परंतु हक्क घटनेत असला तरी तो बजावण्यासाठी लागणारा कागद स्थानिक कार्यालयाच्या खिडकीवरच मिळवावा लागतो. तेथेच गरीब माणूस अडतो.

आपल्या राज्यात अशा कागदाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे झोपडपट्टीचा फोटोपास. जानेवारी १९७६ मध्ये मुंबईतील झोपड्यांची गणना झाली, झोपड्यांना क्रमांक पडले आणि गणना झालेल्यांना फोटोपास देण्यात आले. या कागदाचे मोल १९८५ साली दिसून आले. पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. मात्र पदपथ रिकामे करण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला. पर्यायी जागा द्यावयाची ती १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना आणि ओळखपत्र मिळालेल्यांना. म्हणजे तत्त्व सर्वांसाठी, जागा मात्र कागद असणाऱ्यांसाठी!

पुढे संरक्षणाची तारीख सरकत गेली. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीधारकांना कायद्याने संरक्षण मिळाले, २०१४ च्या दुरुस्तीने ती तारीख १ जानेवारी २००० झाली. लाखो कुटुंबांचे छप्पर यामुळे वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचबरोबर हेही खरे की फोटोपास "तू येथे राहतोस काय?" असे विचारीत नाही. तो "तू केव्हा आलास?" असे विचारतो. जो तारखेच्या आधी आला तो आत, जो नंतर आला तो बाहेर, मग दोघांचे कष्ट सारखे का असेनात.

याहून वेगळा प्रश्न विचारणारे ओळखपत्र आपल्या पुण्यातच निघाले, ही अभिमानाची बाब होय. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाने व एस.एन.डी.टी. विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत दलित स्त्रियांची संख्या फार मोठी. खांद्यावर पोते घेऊन पहाटे फिरणाऱ्या या स्त्रियांकडे चोर म्हणून पाहिले जाई. १९९५-९६ च्या सुमारास पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. कचरावेचकांच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता देण्याचे देशातील हे पहिले उदाहरण मानले जाते.

येथे प्रश्न बदलला. "तू केव्हा आलीस?" याऐवजी "तू या शहरात काय काम करतेस?" असा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर प्रत्येकीजवळ होते. तिची साक्ष द्यायला तिचीच संघटना होती आणि त्या साक्षीवर शहराने शिक्का उठविला. एका कार्डामागून पुढच्या गोष्टी आल्या. २००२-०३ मध्ये महापालिकेने कचरावेचकांसाठी वैद्यकीय विमा सुरू केला. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. ओळख मिळाली म्हणून हक्क मागता आला, हा येथील धडा आहे.

परदेशातही हाच विचार झालेला दिसतो. अमेरिकेतील न्यू हेवन शहराने २००७ साली सर्व रहिवाशांसाठी शहराचे ओळखपत्र काढले. तेथे प्रश्न दुसऱ्या देशांतून आलेल्या, देशाची कागदपत्रे नसलेल्या मजुरांचा होता. बँकेत खाते नसल्याने मजुरीचे पैसे ते अंगावर बाळगीत आणि लुटले जात. आम्हा बँकेत काम करणाऱ्यांना ही अडचण चांगली समजते. न्यू यॉर्कने २०१५ मध्ये असेच कार्ड सुरू केले. अर्जदार कोणत्या देशाचा, कायदेशीर की बेकायदेशीर, हे ते विचारीत नाही. ओळख आणि शहरातील वास्तव्य एवढेच पाहते.

तथापि मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. न्यू हेवनमध्ये कार्डाला मंजुरी मिळाली आणि दोनच दिवसांत केंद्रीय अधिकाऱ्यांनी तेथे स्थलांतरितांची धरपकड केली. शहराचे कार्ड दवाखाना, ग्रंथालय, बँक यांची दारे उघडते, नागरिकत्व देत नाही. शिवाय जमा झालेली नावे-पत्त्यांची यादी उद्या कोणाच्या हाती पडेल, ही भीती असतेच. म्हणूनच न्यू यॉर्कने पुढे अर्जासोबतच्या कागदांच्या प्रती ठेवणे बंद केले.

कोणी म्हणेल, आधार असताना आणखी कार्ड कशाला? आधारचे वाटप २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावापासून सुरू झाले. तेही रहिवाशाला मिळते, आणि कायद्यानेच ते नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नाही. आधार माणूस कोण ते सांगते, पण त्यावरचा पत्ता पुष्कळदा गावचाच असतो. शहराशी असलेले त्याचे नाते त्यातून कळत नाही.

शहराने सर्व रहिवाशांना कार्ड देईपर्यंत हाती असलेल्या सोयी तरी सोडू नयेत. ओळखीचा एकही कागद नसलेल्यास बँकेत स्वतःचा फोटो व अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा देऊन 'लहान खाते' काढता येते. शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षाची जमा १ लाखापर्यंत आणि महिन्यात १० हजारांपर्यंत पैसे काढणे, अशी त्याची मर्यादा असते. ते बारा महिने चालते आणि ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने. खोली भाड्याने घेतल्यास लेखी करारनामा मागून घ्यावा. विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या ठिकाणी मतदार म्हणून नाव नोंदविता येते, मात्र नाव एकाच ठिकाणी असावे.

आणि जे स्थिरस्थावर झाले, ज्यांचे स्वतःचे घर व नोकरी आहे, त्यांच्यावर याहून मोठी जबाबदारी आहे. पंचायतीने आपल्या सभासद स्त्रियांची साक्ष दिली, तशी नव्याने आलेल्याची साक्ष आपण व आपल्या संस्थांनी द्यावी. त्याचा अर्ज भरून द्यावा, कार्यालयात सोबत जावे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणीतरी कधीकाळी एक ट्रंक घेऊन या शहरात उतरलेले आहे. "तू कुठला?" असे विचारणाऱ्या शहराला "हा आमच्या शहराचा" असे उत्तर देणारी माणसे वाढावीत, हेच आमचे सभासदांना व विद्यार्थ्यांना कळकळीचे सांगणे आहे.